रॅम भरपूर, तरी मॉड्यूल लोड होईना: कर्नल मॉड्यूलची पर-सीपीयू मेमरी

सांगलीहून एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यापासून बॉयलरच्या प्रेशरपर्यंतची मोजमापं नेटवर्कवरून गोळा करणारा एक सर्व्हर आहे. त्यावर चालवण्यासाठी त्यांच्या टीमने लिनक्सचं एक कर्नल मॉड्यूल (कर्नल या गाभ्याला तो चालू असताना जोडता येणारा कोड) लिहिलं आहे. प्रत्येक सीपीयूसाठी त्यात ८ बाइटचे १६ काउंटर, ६४ बाइटच्या १०० नोंदींची एक रिंग (भरली की पुन्हा सुरुवातीपासून लिहिला जाणारा बफर) आणि कच्च्या कामासाठी १९२ बाइट, असं सगळं ‘डिफाइन_पर_सीपीयू’ (प्रत्येक सीपीयूला व्हेरिएबलची वेगळी प्रत देणारं मॅक्रो) वापरून जाहीर केलेलं आहे. ऑफिसमधल्या लॅपटॉपवर मॉड्यूल बिनतक्रार लोड होतं. कारखान्यातल्या सर्व्हरवर मात्र मॉड्यूल लोड करणारा इन्समॉड ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणून परत येतो. सर्व्हरची रॅम ६४ जीबी आणि त्यातली बहुतेक मोकळी. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, दोन ओळी दिसतात: ‘परसीपीयू: अलोकेशन फेल्ड, साइज ६७२०, अलाइन ६४, अ‍ॅटॉमिक ०, अलॉक फ्रॉम रिझर्व्ड चंक फेल्ड’ आणि मॉड्यूलच्या नावाने ‘कुड नॉट अलोकेट ६७२० बाइट्स परसीपीयू डेटा’. रॅम मोकळी असताना मेमरी कशी कमी पडते, बूट पॅरामीटर देऊन ती वाढवता येईल का, आणि गळीत हंगाम चालू असल्याने मशीन रीबूट न करता यातून वाट काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

हा प्रश्न मुळात रॅमचा नाहीच. एरर कोड ज्या जागेबद्दल बोलतोय ती जागा प्रत्येक सीपीयूमागे बहुधा फक्त ८ केबी आहे. मशीन सुरू होताना ती ठरते, सगळी मॉड्यूल्स मिळून ती वाटून घेतात आणि मशीन चालू असताना ती एका बाइटनेही वाढत नाही. तुमचं एकटं मॉड्यूल त्यातले ६७२० बाइट मागतंय. ‘रिझर्व्ड चंक’ (राखीव तुकडा) हे दोन शब्द त्या लॉगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहेत. इन्समॉडचा संदेश मात्र त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून माणसं रॅम तपासत बसतात.

सर्व्हरवर डीमेसेजमध्ये ‘परसीपीयू’ हा शब्द शोधा. सुरुवातीलाच साधारण अशी एक ओळ सापडेल: ‘एम्बेडेड ५६ पेजेस/सीपीयू एस१९२५१२ आर८१९२ डी२८६७२ यू२६२१४४’. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, पण रचना हीच. एस म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या स्टॅटिक (कोडमध्येच आकार ठरलेल्या) पर-सीपीयू व्हेरिएबल्सची जागा. आर म्हणजे मॉड्यूल्सच्या स्टॅटिक व्हेरिएबल्ससाठी राखून ठेवलेली जागा. डी म्हणजे सुरुवातीच्या डायनॅमिक (मशीन चालू असताना होणाऱ्या) मागण्यांसाठीची जागा. या तिघांची बेरीज २२९३७६ बाइट होते, म्हणजे ४०९६ बाइटची बरोबर ५६ पानं. यू म्हणजे एका सीपीयूच्या वाट्याचं युनिट. एक्स८६ वर २ एमबीच्या तुकड्यात अशी पूर्ण ८ युनिट्स बसावीत म्हणून ते २५६ केबीचं केलेलं आहे.

तुमचा सगळा प्रश्न त्या ‘आर८१९२’ मध्ये आहे. ६४ बिटी आर्म बोर्डांवरही ही ओळ बघितली तर आर८१९२ च दिसतो. तरीही हा आकडा पाठ करून ठेवू नका. मेमरी अलोकेशन प्रोफायलिंग (कोणता कोड किती मेमरी घेतो याची नोंद) चालू ठेवून बांधलेल्या काही कर्नलमध्ये तो वाढवलेला असतो आणि ३२ बिटी एक्स८६ वर अशी राखीव जागा मुळात ठेवतच नाहीत. समोरच्या मशीनचा बूट लॉग बघायचा आणि मगच बोलायचं.

एवढी कमी जागा का, हे कळलं की पुढचा उपाय आपोआप पटतो. पर-सीपीयू व्हेरिएबलचा पत्ता नेहमीच्या पत्त्यासारखा नसतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सगळ्या गाळ्यांची मांडणी तंतोतंत सारखी आहे आणि खातेवही प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या कप्प्यात आहे असं समजा. पत्ता म्हणून ‘तिसरा कप्पा’ एवढंच पुरतं. कुठल्या गाळ्यातला, ते माणूस कुठे उभा आहे त्यावरून ठरतं. एक्स८६-६४ वर जीएस रजिस्टरमध्ये त्या त्या सीपीयूचा पाया ठेवलेला असतो आणि व्हेरिएबलचं अंतर इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेलं असतं. त्यामुळे काउंटर एकाने वाढवायला एकच इन्स्ट्रक्शन पुरते. लॉक लागत नाही, आणि मध्येच इंटरप्ट आला तरी मोजणी बिघडत नाही.

अडचण अशी की इन्स्ट्रक्शनमध्ये लिहिलेलं ते अंतर फक्त ३२ बिटांचं असतं. कर्नलचा कोड तसाच कंपाइल होतो आणि मॉड्यूलचाही. म्हणजे मॉड्यूलची स्टॅटिक पर-सीपीयू व्हेरिएबल्स कर्नलच्या स्टॅटिक व्हेरिएबल्सच्या जवळपासच असायला हवीत. डायनॅमिक मेमरीचे नवे तुकडे व्हीमॅलॉकच्या (कर्नलच्या आभासी पत्त्यांच्या एका वेगळ्या) प्रदेशातून येतात आणि तो प्रदेश ३२ बिटांच्या आवाक्याबाहेर असू शकतो. म्हणून बूट होतानाच पहिल्या तुकड्यात, स्टॅटिक भागाला लागून, थोडी जागा मॉड्यूल्ससाठी राखून ठेवतात. पहिला तुकडा नंतर ताणता येत नाही, त्यामुळे ती जागाही वाढत नाही. हा अलोकेटर तेजुन हेओ यांनी २००९ च्या सुमारास लिहिला आणि त्याचा हा मूळ आराखडा अजून टिकून आहे.

आता इन्समॉड मारल्यावर आत काय होतं ते क्रमाने बघू. तुमच्या डॉट-केओ फाइलमध्ये (म्हणजे कंपाइल झालेल्या मॉड्यूलमध्ये) ‘डॉट डेटा डॉट डॉट परसीपीयू’ नावाचा एक सेक्शन असतो. लोडर मॉड्यूलच्या बाकीच्या सेक्शन्सना जागा देताना हा एक वेगळा काढतो, कारण त्याला एक नाही तर प्रत्येक सीपीयूमागे एक जागा लागणार असते. मग त्या सेक्शनची लांबी आणि अलाइनमेंट (जागा किती बाइटच्या पटीत सुरू व्हावी ते) घेऊन तो राखीव जागेतून सलग तुकडा मागतो. मिळाला नाही तर तुम्ही बघितलेली ओळ छापतो आणि लोड तिथेच थांबतं. तुमचं इनिट फंक्शन (मॉड्यूल लोड होताना चालणारं) सुरूही होत नाही. त्यामुळे इनिटमध्ये कितीही प्रिंट टाकले तरी इथे काही दिसणार नाही. तुकडा मिळाला तर मॉड्यूलची सिम्बॉल्स त्याच्याकडे वळवली जातात, रिलोकेशन (कोडमधले पत्ते खऱ्या जागेप्रमाणे दुरुस्त करणं) होतं, आणि सगळ्यात शेवटी त्या सेक्शनमधल्या सुरुवातीच्या किमती प्रत्येक संभाव्य सीपीयूच्या जागेत कॉपी होतात. रिलोकेशन आधी आणि कॉपी नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. सुरुवातीच्या किमतीत एखादा पॉइंटर असेल तर तो दुरुस्त झालेल्या स्वरूपातच सगळ्यांपर्यंत पोचतो. ‘प्रत्येक संभाव्य सीपीयू’ हे शब्दही लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील.

याच पायरीवर पूर्वी बरीच डोकेदुखी झालेली आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या १७ आणि १८ या आवृत्त्यांच्या काळात बूट होताना केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या) मॉड्यूलसाठी ‘कुड नॉट अलोकेट ३०४ बाइट्स परसीपीयू डेटा’ असा संदेश लोकांना दिसायचा. मशीनमधल्या प्रत्येक सीपीयूमागे एकदा, असं तेच मॉड्यूल एकाच वेळी अनेकदा लोड करायचा प्रयत्न व्हायचा. हे मॉड्यूल आधीच लोड होतंय का, हे तपासण्याआधीच लोडर प्रत्येक प्रयत्नाला राखीव जागेतून ३०४ बाइट देऊन टाकायचा. ८ केबीला ३०४ ने भागून बघा, मोठ्या सर्व्हरवर ती जागा किती लवकर संपेल ते कळेल. २०१३ च्या सुरुवातीला रस्टी रसेल यांनी क्रम बदलला: आधी नाव नोंदवून आपण एकटेच आहोत याची खात्री, मगच पर-सीपीयू जागा. तेव्हाही रॅम कुणाची कमी नव्हती.

तुमच्या ६७२० बाइटचा हिशेब सरळ आहे: ६४०० रिंगचे, १२८ काउंटरचे, १९२ कच्च्या कामाचे. ८१९२ मधून ते गेले की सगळ्या जगासाठी १४७२ बाइट उरतात. लॅपटॉपवर आधी लोड झालेल्या मॉड्यूल्सनी तेवढ्यात भागवलं, म्हणून तुमचं चाललं. सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनचं, स्टोरेजचं, नेटवर्क कार्डांचं असं बरंच काही आधीच बसलेलं असतं. शिवाय जागा सलग लागते आणि तुमच्या बाबतीत ६४ च्या पटीत सुरू व्हावी लागते. एकूण मोकळे बाइट पुरेसे असले तरी मधे कुणाचा तरी १६ बाइटचा तुकडा बसला असेल तर मागणी नाकारली जाते. एखादं मॉड्यूल काढून परत टाकलं की कधी चालतं, कधी नाही, याचं कारणही हेच. पानाच्या हद्दीवर अलाइन केलेलं ४ केबीचं व्हेरिएबल तर याहून वाईट, कारण वरच्या उदाहरणासारख्या मशीनवर राखीव जागेत अशी दोनच ठिकाणं असतात.

लोड करण्याचा क्रम बदलून तुमचं मॉड्यूल बूटमध्ये आधी घुसवता येईल. कृपया तसं करू नका. तुमचं चालेल, पण मागून येणाऱ्या कुणाला तरी ३०४ बाइट मिळणार नाहीत आणि कारखान्याचं दुसरंच काहीतरी बंद पडेल. त्या बिघाडाचा तुमच्या मॉड्यूलशी संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जागा कुणी खाल्ली हे मोजायचं असेल तर एलएसमॉडच्या यादीतलं एकेक नाव घ्या, मॉडइन्फोला उणे एन देऊन त्याची फाइल शोधा आणि साइज या कमांडला उणे मोठा ए देऊन ‘डॉट डेटा डॉट डॉट परसीपीयू’ या ओळीतला आकडा घ्या. रीडएल्फने सेक्शन्सची यादी काढली तरी चालेल, तिथे अलाइनमेंटही दिसते. आजकाल वितरणांमधली मॉड्यूल्स बहुधा एक्सझेड किंवा झेडएसटीडीने दाबलेली असतात, ती आधी उघडावी लागतात; नाहीतर रीडएल्फ ‘ही एल्फ फाइलच नाही’ म्हणतो. आकड्यांची बेरीज केली की चित्र स्पष्ट होतं. कर्नल पर-सीपीयू स्टॅटिस्टिक्सच्या पर्यायासह बांधलेला असेल तर डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइल सिस्टिममध्ये) ‘परसीपीयू_स्टॅट्स’ नावाची फाइल मिळते. तिच्यात राखीव तुकड्यावर तसा शिक्का असतो आणि एकूण मोकळे बाइट व सलग मोकळे बाइट वेगवेगळे दिलेले असतात. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे विखुरलेपण. वितरणांच्या तयार कर्नलमध्ये हा पर्याय बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा बेरजेवरच भागवायचं.

बूट पॅरामीटरबद्दल सांगतो. ‘परसीपीयू_अलॉक’ नावाचा पॅरामीटर आहे खरा, पण पहिला तुकडा कोणत्या पद्धतीने बसवायचा एवढंच त्याने ठरतं. राखीव जागेचा आकार नाही. तो आकार कर्नलच्या हेडरमध्ये ‘परसीपीयू_मॉड्यूल_रिझर्व्ह’ या नावाने लिहिलेला आहे. तो बदलायचा तर कर्नल नव्याने बांधायचा आणि मशीन रीबूट करायचं. स्वतःचा कर्नल स्वतः बांधणाऱ्या बोर्डांवर हे ठीक आहे. तुमच्या सर्व्हरवर वितरणाचा कर्नल आहे, रीबूटची सोय नाही, आणि पुढच्या प्रत्येक सुरक्षा अपडेटला हेच पुन्हा करावं लागेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कर्नलला हात लावू नका, मॉड्यूल बदला. या बदलाला रीबूट लागत नाही.

माझा नियम असा आहे की मॉड्यूलमध्ये स्टॅटिक पर-सीपीयू व्हेरिएबल फक्त अगदी लहान गोष्टींसाठी ठेवायचं: एखादा फ्लॅग, एखादा पॉइंटर, दोन-चार काउंटर. सगळं मिळून शंभरेक बाइटच्या वर जायला लागलं की डायनॅमिककडे वळायचं. रिंग, बफर, टेबल हे तर पहिल्या दिवसापासून डायनॅमिकच.

बदल असा करा. काउंटर, रिंग आणि कच्ची जागा एकाच स्ट्रक्चरमध्ये घ्या. मॉड्यूलमध्ये त्या स्ट्रक्चरचा एकच पॉइंटर ठेवा आणि त्याच्यावर ‘__परसीपीयू’ ही खूण लावा, म्हणजे स्पार्स हे तपासणीचं साधन चालवल्यावर कुणी तो साध्या पॉइंटरसारखा वापरला असेल तर ते पकडलं जाईल. इनिट फंक्शनच्या सुरुवातीलाच ‘अलॉक_परसीपीयू’ला त्या स्ट्रक्चरचा प्रकार द्या आणि नल (रिकामा पॉइंटर) परत आला तर लगेच मेमरी नसल्याचा एरर देऊन बाहेर पडा. हे फंक्शन मधे झोपू शकतं (म्हणजे मेमरीची वाट बघत थांबू शकतं), म्हणून ते इनिटमध्येच बोलवायचं. पॅकेट हाताळणाऱ्या वाटेवर किंवा स्पिनलॉक (ज्याची वाट बघताना सीपीयू नुसता फिरत राहतो असं लॉक) धरलेला असताना नाही. वापरताना ‘धिस_सीपीयू_इंक’ला पॉइंटरमधलं क्षेत्र द्यायचं, बाकी फारसं काही बदलत नाही. खर्च वाढतो तो एवढाच की पॉइंटरची किंमत आधी रजिस्टरमध्ये आणावी लागते. तो पॉइंटर इनिटनंतर बदलत नसल्याने ‘आरओ_आफ्टर_इनिट’ करून टाका. पॉइंटर पूर्ण ६४ बिटी असल्यामुळे ३२ बिटांच्या अंतराचं बंधन इथे लागूच होत नाही, आणि म्हणूनच ही मेमरी राखीव ८ केबीच्या बाहेरून येऊ शकते.

हा बदल करताना सगळ्यात जास्त घात होतो तो सुरुवातीच्या किमतींचा. स्टॅटिक व्हेरिएबलच्या किमती लोडर प्रत्येक सीपीयूवर कॉपी करून देत होता. डायनॅमिक मेमरी फक्त शून्यांनी भरून मिळते. शून्य काउंटरला चालतं. लिस्टच्या हेडला नाही, कारण रिकाम्या लिस्टचं हेड स्वतःकडेच बोट दाखवणारं असायला हवं. तिथे शून्य असेल तर पहिल्याच भरतीला कर्नल ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देतो. स्पिनलॉक शून्याने सुरू झाला तर साध्या कर्नलवर चालून जातो आणि डीबग कर्नलवर ओरडतो, म्हणजे चूक महिनोन्‌महिने लपून राहते. तुमच्या रिंगमध्ये ‘शेवटची नोंद’ उणे एकपासून सुरू होत असेल तर तीही आता शून्यापासून सुरू होईल आणि पहिली नोंद गायब होईल. म्हणून अलोकेशननंतर लगेच ‘फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू’ने सगळ्या प्रती फिरून लॉक, लिस्ट, इंडेक्स हाताने लावा. जुन्या कोडमध्ये ‘डिफाइन_पर_सीपीयू’च्या ओळीत बरोबरचं चिन्ह कुठे कुठे आहे ते शोधा, तेवढी जागा तपासली की झालं.

यानंतर येतो क्रम. नेटवर्कचा हुक (पॅकेट आलं की बोलवलं जाणारं फंक्शन) किंवा इंटरप्ट आधी नोंदवला आणि पर-सीपीयू मेमरी नंतर घेतली, तर मधल्या क्षणी आलेलं पॅकेट नल पॉइंटर वापरतं. साधा नल पॉइंटर असता तर लगेच ऊप्स आला असता. पर-सीपीयू पॉइंटरमध्ये आधी त्या सीपीयूचा पाया मिळवला जातो, त्यामुळे ऊप्स येईलच असं नाही. भलत्याच पर-सीपीयू व्हेरिएबलवर मुकाट्याने लिहिलं जाऊ शकतं आणि मशीन तासाभराने कुठेतरी तिसरीकडे कोसळतं. मेमरी आधी, किमती नंतर, नोंदणी सगळ्यात शेवटी. अर्ध्या वाटेत एरर आला तर बरोबर उलट क्रमाने मागे यायचं आणि ‘फ्री_परसीपीयू’ विसरायचं नाही. स्टॅटिक जागा लोडर स्वतः परत घेतो. डायनॅमिकची जबाबदारी तुमची. ती सुटली तर रीबूटपर्यंत कुणालाच मिळत नाही.

मॉड्यूल काढतानाही तसंच. आधी नवीन काम येणं बंद करा: हुक काढा, इंटरप्ट सोडा, सीपीयू हॉटप्लगचे (सीपीयू चालू-बंद होताना बोलवले जाणारे) कॉलबॅक काढा. मग चालू असलेलं काम संपू द्या: टायमर सिंक पद्धतीने थांबवा, वर्कक्यूमधलं काम प्रत्येक सीपीयूवरचं रद्द करा, आरसीयूचे (लॉक न घेता वाचू देण्याच्या कर्नलच्या पद्धतीचे) वाचक असतील तर ‘सिंक्रोनाइज_आरसीयू’ आणि ‘कॉल_आरसीयू’ वापरलं असेल तर ‘आरसीयू_बॅरियर’. मगच मेमरी सोडा. राखीव जागेच्या बाबतीत ही घाई विशेष महागात पडते, कारण तुमचे सुटलेले बाइट पुढच्या मॉड्यूलला लगेच मिळतात. राहून गेलेला एखादा टायमर मग त्या दुसऱ्याच मॉड्यूलच्या डेटावर लिहीत बसतो.

जाता जाता एक सांगतो. स्लीपेबल आरसीयूची (एसआरसीयू, म्हणजे वाचक मधे झोपू शकतो अशा आरसीयूची) स्ट्रक्चर्स मॉड्यूलमध्ये ‘डिफाइन_एसआरसीयू’ने जाहीर केली की पूर्वी त्यांचा पर-सीपीयू डेटाही याच राखीव जागेत जायचा. २०१९ मध्ये पॉल मॅककेनी यांनी ते बदललं. आता मॉड्यूल लोड होताना तो डेटा डायनॅमिक पद्धतीने घेतला जातो आणि काढताना परत दिला जातो. कर्नल लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठीसुद्धा राखीव जागा वाढवत नेण्याऐवजी हाच मार्ग निवडला. कुणाच्या ग्राहकाकडे खूप जुना कर्नल असेल आणि मॉड्यूलमध्ये एसआरसीयू असेल, तर मात्र त्याचे बाइट धरूनच हिशेब करा.

आता ‘संभाव्य सीपीयू’. तुमचा सर्व्हर खरं मशीन आहे की व्हर्च्युअल, हे तुमच्या प्रश्नात नाही आणि मेमरीचा खर्च त्याच्यावर अवलंबून आहे. पर-सीपीयू मेमरी चालू सीपीयूंसाठी नाही, तर पुढे कधी जोडले जाऊ शकतील अशा सगळ्या सीपीयूंसाठी घेतली जाते. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) सीपीयूच्या डिरेक्टरीत ‘पॉसिबल’ नावाची फाइल आहे, ती वाचा. ८ सीपीयू दिलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये तिथे ‘०-१२७’ असं दिसू शकतं. मग तुमचे ६७२० बाइट ८ पट होऊन ५२.५ केबी न होता १२८ पट होऊन ८४० केबी होतात. ६४ जीबीच्या सर्व्हरवर हे काहीच नाही, पण बफर १६ केबीचा केलात तर तोच आकडा २ एमबी होतो. १ जीबी रॅमच्या छोट्या गेटवेवर त्याचा विचार करावा लागतो. राखीव जागा संपण्याशी मात्र सीपीयूंच्या संख्येचा संबंध नाही, ती प्रत्येक सीपीयूमागे वेगळी ८ केबी आहे.

बेरीज काढतानाही हाच शब्द पाळा. एकूण पॅकेट किती हे सांगताना ‘ऑनलाइन’ सीपीयूंवर फिरलात तर एखादा सीपीयू बंद केल्यावर त्याचे आकडे बेरजेतून गळतात आणि एकूण संख्या अचानक कमी झालेली दिसते. नेहमी ‘पॉसिबल’वर फिरा.

आकार वाढवायचा विचार असेल तर वरची मर्यादा ठाऊक असू द्या: ‘अलॉक_परसीपीयू’ एका मागणीत प्रत्येक सीपीयूमागे जास्तीत जास्त ३२ केबी देतो. त्याहून मोठी रिंग हवी असेल तर पर-सीपीयू भागात फक्त ८ बाइटचा पॉइंटर ठेवा आणि प्रत्येक सीपीयूसाठी ‘केव्हीमॅलॉक_नोड’ने वेगळा बफर घ्या, नोड (सीपीयू आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट) देताना ‘सीपीयू_टू_नोड’ वापरा. दोन सॉकेटच्या सर्व्हरवर यामुळे बफर त्या सीपीयूच्या जवळच्या मेमरीत राहतो.

रिंगमध्ये नोंद करणं ही काउंटरसारखी एका इन्स्ट्रक्शनची गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. इंडेक्स वाचणं, नोंद लिहिणं आणि इंडेक्स वाढवणं या तीन पायऱ्यांच्या मधे टास्क दुसऱ्या सीपीयूवर गेला तर नोंदी मिसळतात. ‘गेट_सीपीयू_पीटीआर’ आणि ‘पुट_सीपीयू_पीटीआर’च्या मधे हे काम करा, म्हणजे प्रीएम्प्शन (चालू टास्क मधेच बाजूला काढणं) बंद राहतं. तीच रिंग इंटरप्टमधूनही लिहिली जात असेल तर तेवढ्यापुरते इंटरप्टही बंद करावे लागतील. रिअल-टाइम कर्नल वापरत असाल तर प्रीएम्प्शन बंद असताना साधा स्पिनलॉक घेता येत नाही, तिथे ‘लोकल_लॉक’ वापरायचा, तो ५.८ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे.

कारखान्यात नेण्याआधी लॅपटॉपवरच ही टंचाई निर्माण करून बघा. ५१२० बाइटचा स्टॅटिक पर-सीपीयू अ‍ॅरे असलेलं दहा ओळींचं रिकामं मॉड्यूल लिहा आणि ते आधी लोड करा. अ‍ॅरेला इनिटमध्ये एकदा तरी हात लावा, नाहीतर कंपायलर तो उडवून टाकतो. आता तुमचं जुनं मॉड्यूल टाकलंत तर सर्व्हरवरचाच एरर येईल, कारण ५१२० आणि ६७२० मिळून ८१९२ च्या बाहेर जातात. नवं मॉड्यूल त्याच स्थितीत लोड झालं पाहिजे, आणि साइज कमांडमध्ये त्याचा परसीपीयू सेक्शन दिसता कामा नये. नंतर ते शेकडो वेळा टाकून-काढून ‘प्रॉक मेमइन्फो’मधली ‘परसीपीयू’ ही ओळ बघा. आकडा थोडा वरखाली होतो, कारण अलोकेटर रिकामी पानं लगेच परत देत नाही. पण तो सतत चढतच राहिला तर कुठल्या तरी वाटेवर ‘फ्री_परसीपीयू’ राहून गेलंय. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या साधनात ४ सीपीयू चालू आणि मॅक्ससीपीयूज ६४ असं मशीन उभं केलं की संभाव्य सीपीयूंची बाजूही तपासून होते. डीबग कर्नलवरही एकदा चालवा. लॉक डीबगिंग चालू असलं की प्रत्येक स्पिनलॉक फुगतो, आणि स्टॅटिक भागात लॉक ठेवले असतील तर साध्या कर्नलवर बसणारं मॉड्यूल तिथे बसत नाही.

एवढं करूनही लोड अडलं तर पहिल्या ओळीच्या शेवटी दिलेलं कारण वाचा, कारण उपाय त्यावरूनच ठरतो. ‘रिझर्व्ड चंक’ पुन्हा दिसला तर कुठेतरी स्टॅटिक व्हेरिएबल राहिलंय, बहुधा मॉड्यूलमध्ये जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या सी फाइलमध्ये. ‘इल्लीगल साइज’ अशी वेगळी ओळ दिसली तर ३२ केबीची मर्यादा ओलांडली आहे. ‘फेल्ड टू अलोकेट न्यू चंक’ किंवा ‘फेल्ड टू पॉप्युलेट’ दिसलं तरच खऱ्या मेमरीकडे आणि व्हीमॅलॉकच्या जागेकडे वळायचं. तेव्हा ती पूर्ण ओळ, बूट लॉगमधली एस-आर-डी-यूची ओळ, ‘पॉसिबल’ फाइलमधला आकडा आणि कर्नलची आवृत्ती, या चार गोष्टी कळवा.